ट्रॅक्टर येतो म्हणून मोटार येत नाही

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी खात्याच्या माणसाने बेणे, लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांवर लिहावे. मोटार शिकण्यावर त्याने कशाला लेखणी उचलावी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की ऊसनोंदीच्या, पाहणीच्या आणि तोडीच्या निमित्ताने वर्षातले दहा महिने मी आपल्या बांधावर आणि आपल्याच रस्त्यांवर असतो. गेल्या काही वर्षांत बांधावर जेवढा बदल झालेला दिसला, त्याहून अधिक तो आपल्या अंगणात दिसला. एके काळी तालुक्यात मोटार म्हटली की कारखान्याची जीप नाही तर एखाद्या पुढाऱ्याची अँबेसिडर. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तीसुद्धा आपल्याकडे प्रथम डॉक्टर-वकिलांच्याच दारात. आज गावोगाव पाहावे तर ट्रॅक्टरच्या शेडला लागूनच दुसरे पत्र्याचे शेड आणि त्यात पांढरी चारचाकी. उसाच्या बिलातून, दुधाच्या पैशातून, थोड्या कर्जातून घेतलेली. आनंदाची गोष्ट आहे. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी आली की नारळ फुटतो, हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. पण गाडी चालवणार कोण, आणि त्याला शिकवले कोणी, असे विचारले की उत्तर ठरलेले.

"साहेब, पोरगं सातवीपासनं ट्रॅक्टर मारतंय. दोन ट्रॉल्या लावून काट्यावर आणतंय. त्याला ह्या डबीचं काय अवघड?"

हे वाक्य मी किती बांधांवर ऐकले याची मोजदाद नाही. आणि आज जे लिहायचे आहे ते या एका वाक्याबद्दलच. ट्रॅक्टर चालवता येणे ही मोटार शिकण्याची अर्धी तयारी आहे असे आपण समजतो. माझ्या मते काही बाबतींत ती उलट अडचणच आहे.

गेल्या गळीत हंगामातली हकीगत सांगतो. नाव-गाव लिहीत नाही, कारण त्या घराला आधीच पुष्कळ सोसावे लागले आहे. वीस वर्षांचा मुलगा. ट्रॅक्टरवर बसला तर बघत राहावे असा. भरल्या दोन ट्रॉल्या कालव्याच्या पुलावरून मागे घेणारा. घरात नवी मोटार आली आणि दोन दिवसांत मळ्यातल्या रस्त्यावर तो स्वतःच ती शिकला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, तो तालुक्याहून परत येत होता. रस्ता सरळ, वेग सत्तर-ऐंशीच्या घरात, समोरून येणाऱ्या गाडीसाठी दिवे खाली केलेले. पुढे डाव्या बाजूला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी. ट्रॉलीला मागे लाल पट्टी होती, पण वरून लोंबणाऱ्या वाढ्यांनी ती झाकली होती. मुलाला ट्रॉली दिसली, त्याने ब्रेकही दाबला. अंतर पुरले नाही. मुलगा वाचला. उजव्या पायात सळई आहे, दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि या वर्षीची लागण त्या घरात वाट्याने दिली आहे. मी खोडव्याच्या पाहणीला गेलो तेव्हा त्याचे वडील सरीत उभे राहून म्हणाले, "साहेब, गाडीला नऊ लाख घातले. शिकवायला चार-पाच हजार घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही बघा."

ट्रॉलीवाल्याचा दोष होताच, त्याबद्दल पुढे लिहितो. पण त्या मुलाकडे कमी काय होते? हात होता, धाडस होते, नजर होती. ऐंशीच्या वेगाला गाडी किती जमीन खाते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ट्रॅक्टरवर ते कळण्याचा प्रसंगच येत नाही. भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या पुढे फारसा जात नाही.

हा हिशेब मीटरमध्ये सांगितला की लक्षात राहत नाही, म्हणून आपल्या मापाने सांगतो. साडेचार फुटी सरी धरा. डोळ्याला अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालासुद्धा साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटरची गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागतो, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर, टायर चांगले असले तर, आणखी ९ मीटरवर ती थांबते. एकूण २० मीटर, म्हणजे १४-१५ सऱ्या. ६० च्या वेगाला हेच अंतर सुमारे ३७ मीटर, म्हणजे २७ सऱ्या. ८० ला सुमारे ५७ मीटर, म्हणजे ४१-४२ सऱ्या. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. येथेच माणूस फसतो. आता खाली केलेल्या दिव्यांचा उजेड तीस-चाळीस मीटरपर्यंत कामाचा असतो. चाळीस मीटरवर दिसलेल्या ट्रॉलीसमोर ऐंशीची गाडी थांबणार कशी? देवाने जरी ब्रेक दाबला तरी थांबणार नाही. रस्त्यावर चिखल, पाचट किंवा पाऊस असेल तर हा हिशेब याहूनही वाढतो. हंगामात आपल्या रस्त्यांवर यांपैकी काही ना काही असतेच.

ट्रॅक्टरवाल्याच्या सवयी मोटारीत कशा आडव्या येतात, हे मला शिकवणाऱ्या मास्तरांनी फार छान उलगडून दाखवले. होय, मीही शिकवणी लावूनच शिकलो, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याआधी वीस वर्षे कारखान्याच्या जीपमध्ये चालकाशेजारी बसत होतो आणि पाहण्यासाठी मोटारसायकल होती. मास्तर एस.टी.तून निवृत्त झालेले. आवाज बसका, बोलणे मोजके. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत निम्मे आपले ऊस उत्पादक. ते म्हणायचे, "साहेब, कोरी पाटी आणा, मी आठ दिवसांत अक्षर काढून देतो. ट्रॅक्टरवाल्याची पाटी आधी पुसावी लागते."

पुसायचे काय, ते पाहा. ट्रॅक्टरला हाताचा थ्रॉटल असतो, तो लावून पाय मोकळा ठेवायची सवय असते. मोटारीत उजवा पाय सतत कामावर पाहिजे, आणि ॲक्सिलरेटरवर नसेल तेव्हा तो ब्रेकवर पाहिजे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे, शेतात वळायला सोयीचे. ते रस्त्यावर एकत्र जोडून घ्यायचे असतात, आणि कितीजण घेतात हे आपल्यालाच ठाऊक. वळताना ब्रेकवर जोर देण्याची ही सवय मोटारीत, वेगात आणि ओल्या वळणावर, गाडी फिरवायला पुरेशी आहे. ट्रॅक्टरवाला अवजाराकडे पाहायला सारखी मान मागे वळवतो. मोटारीत मागचे पाहायला तीन आरसे दिले आहेत, ते त्याला दिसतच नाहीत. ट्रॅक्टरवर माणूस उंच आणि उघड्यावर बसतो, चाकाखालची जमीन त्याला दिसते. मोटारीत तो खाली बसतो, आणि काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांआड अख्खी मोटारसायकल लपते. आणि क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय. ती तर इतकी पक्की की मास्तर प्रत्येक गिअर टाकून झाल्यावर नुसते "पाय" एवढेच म्हणत. डावा पाय बाजूला ठेव, असा त्याचा अर्थ.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गाडी मागे घेण्यात ट्रॅक्टरवाल्याचा हात कोणी धरू शकत नाही. ट्रॉली लावून मागे घेणाऱ्याला नुसती मोटार मागे घेणे म्हणजे खेळ. तेवढा मान त्याला दिलाच पाहिजे.

शिकवणीत काय शिकवतात, हे न शिकलेल्याला वाटते तेवढे थोडके नाही. पहिले दोन दिवस मास्तरांनी गाडी हलवूच दिली नाही. आसन पुढे-मागे करून क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील असे बसायचे, आरसे लावायचे, पट्टा लावायचा, गिअर न्यूट्रल आहे का, हातब्रेक ओढला आहे का, ते हाताने पाहायचे, मग किल्ली. हे रोज, त्याच क्रमाने. मला सुरुवातीला ते पूजेतल्या आचमनासारखे वाटले. पुढे ध्यानात आले की हात आपोआप तसे चालायला लागले की डोके रस्त्याला मोकळे राहते. तिसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानावर अर्धा क्लच. ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसत्या क्लचवर गाडी मुंगीच्या पावलाने पुढे न्यायची आणि थांबवायची. एक तास फक्त हेच. ज्याला हे साधले त्याची गाडी चढावर मागे घरंगळत नाही आणि बाजारात पुढच्याला टेकत नाही.

नंतर रस्ता. मास्तरांचे एक शिकवणे मी आजही रोज वापरतो. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी किंवा मैलाच्या दगडापाशी गेली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचे. ते म्हणून व्हायच्या आत आपण त्या झाडापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. वेग कितीही असो, माप तेच. पावसात आणखी दोन मोजायचे. असेच दार उघडण्याचे. चालकाने आपले उजवे दार डाव्या हाताने उघडायचे, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. किती साधी गोष्ट! शाळेची पोरे रस्त्याच्या कडेने सायकलवर असतात, त्यांच्यासाठी तरी प्रत्येकाने ती अंगी लावून घ्यावी.

उताराबद्दल ते फार कडक होते. डिझेल वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे ही आपल्या भागातली जुनी खोड. पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला नवले पुलाचा उतार माहीत आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात तेथे एका अवजड वाहनाने एका दमात अनेक गाड्यांना ठोकरले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे त्या वेळी प्राथमिक तपासात पुढे आले. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपते, स्टिअरिंग जड होते, आणि गिअरमध्ये राहून इंजिन जो गाडीला धरून ठेवते तो आधार जातो. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने तो उतरायचा, हा एस.टी.वाल्यांचा जुना पाठ मोटारीलाही लागू आहे.

नव्या गाड्यांबद्दल दोन शब्द. हल्ली बहुतेक गाड्यांना एबीएस ब्रेक असतो. जोरात दाबला की पायाखाली तो थरथरतो, खडखड आवाज करतो. ज्याला कोणी सांगितले नाही तो घाबरून पाय काढतो. पाय काढायचा नाही, दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंगने वाट काढायची. एअरबॅग हा पट्ट्याला पर्याय नाही; पट्टा लावला असेल तरच ती नीट उपयोगी पडते. मागच्या आसनावरच्यांनाही पट्टा कायद्याने लागतो, हे आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाला सांगून पाहा! आणि गिअर नसलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली म्हणजे शिकवणी नको, असेही नाही. तिच्यात डाव्या पायाला काही कामच नाही, आणि सवयीने तो क्लच शोधायला गेला तर थेट ब्रेकवर पडतो.

आता ड्रायव्हिंग स्कूल निवडावी कशी, कारण सगळ्या सारख्या नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे अशा स्कूलला परिवहन खात्याचा परवाना लागतो. तो भिंतीवर लावलेला असतो, तो पाहावा. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही ब्रेक असलाच पाहिजे. खाजगी मोटारीचे शिक्षण २१ दिवसांपेक्षा कमी असू नये आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे १० तासांपेक्षा कमी असू नये, असे नियमच सांगतो. किती तास चालवले याची नोंदवही स्कूलने ठेवायची असते. आपण उसाच्या वजनाची पावती जपून ठेवतो, काट्यावर शंभर किलोचा फरक वाटला तर परत वजन करायला लावतो. तशीच या तासांचीही पावती मागायला लाजू नये. एका गाडीत चार शिकाऊ कोंबून प्रत्येकाला दहा मिनिटे स्टिअरिंग देणारे लोक आहेत. तीन जण मागे बसून पेंगतात, आणि त्यांचेही तास भरतात! "लायसन्सची काळजी करू नका, आम्ही बघतो" हे पहिल्याच दिवशी म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नये. तो परवाना विकतो आहे, शिकवत नाही.

त्यातून शक्य असेल तर एकट्याची शिकवणी घ्यावी. दहावीच्या मुलाला गणिताची खाजगी शिकवणी लावताना आपण मागेपुढे पाहत नाही. गणितात नापास झालेला पुरवणी परीक्षेला, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकतो. या शिकवणीचा खर्च आमच्या तालुक्यात दोन-तीन टन उसाच्या बिलात भागतो. आणि मास्तरांशी ठरवतानाच बोलून घ्यावे की सगळे धडे सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर नकोत. एक बाजाराच्या दिवशी, एक महामार्गावर, एक घाटात, एक भर पावसात आणि दोन रात्रीचे. रात्रीचा धडा बहुतेकजण टाळतात, मास्तरही आणि विद्यार्थीही. पण आपल्याकडे खरी परीक्षा रात्रीचीच असते. समोरच्या दिव्यांकडे टक लावून न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेकडे नजर ठेवणे, डिपर देणे, आणि जेवढा रस्ता उजेडात दिसतो तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवणे, हे शेजारी जाणता माणूस बसल्याशिवाय येत नाही.

घरच्या माणसाने शिकवू नये का? शिकवावे, पण शिकवणी झाल्यानंतर, सरावासाठी. आमच्याकडे नवऱ्याने बायकोला आणि बापाने मुलाला मोटार शिकवायला घेतली की तिसऱ्या दिवशी भांडण आणि पाचव्या दिवशी गाडी शेडमध्ये. बाहेरच्या मास्तरांचे ओरडणे माणूस ऐकून घेतो. शिवाय घरच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक नसतो. तो नुसता मोकळ्या पत्र्यावर पाय दाबत राहतो.

भगिनींसाठी येथे मुद्दाम लिहितो. गावातल्या दहा मोटारींत एखादीच घरची बाई चालवताना दिसते, पण मास्तरांच्या मते त्यांच्याकडे सर्वांत लवकर तयार होतात त्या याच. पुसायची पाटी नसते आणि "मला येतंय" हा ताठा नसतो. तोडीच्या दिवसांत पुरुष माणूस रात्रभर फडात नाही तर कारखान्याच्या रांगेत अडकलेला असतो. त्या रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागले तर दारात उभी असलेली नऊ लाखांची गाडी कोण चालवणार? एका वहिनींनी हाच प्रश्न घरात विचारला आणि स्वतःच जाऊन नाव घातले. आता त्या मुलांना शाळेत सोडतात, दूध संस्थेत जातात, आणि एकदा सुनेला बाळंतपणाला पहाटे तीनला घेऊन गेल्या. नवरा अजूनही शेजारी बसून पत्र्यावर पाय दाबतो, असे त्याच हसून सांगतात.

आता कायद्याची बाजू, कारण ती न सांगितली तर लेख अपुरा राहील. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मोटार किंवा ट्रॅक्टर रस्त्यावर चालवायला १८ वर्षे पूर्ण लागतात. आधी शिकाऊ परवाना. तो सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. शिकाऊ असेपर्यंत शेजारी परवानाधारक शिकवणारा बसलेला पाहिजे आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडे 'एल' अक्षर पाहिजे. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर आता पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. त्याला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. सातवीपासून ट्रॅक्टर मारणाऱ्या पोराचे कौतुक करणाऱ्या आबांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. परवाना नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते. त्या रकमा एखाद-दुसऱ्या हंगामाच्या बिलात फिटणाऱ्या नसतात, जमिनीवर येतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, असा केंद्र सरकारचा आकडा आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याची सगळी गावे रिकामी झाली तर एवढी माणसे होतील.

ट्रॉलीवाल्यांबद्दल लिहितो म्हणालो होतो. मोटार शिकणाऱ्याने कितीही शिकले तरी न दिसणारी ट्रॉली त्याला दिसणार नाही. मोळी बांधताना मागची तांबडी पट्टी वाढ्यांनी झाकू नये, नाही तर पट्टी मोळीवरच बांधावी. ट्रॉली बंद पडली तर रस्त्याखाली घ्यावी, आणि मागे शंभर पावलांवर खूण ठेवावी. दगड ठेवाल तर निघताना उचलून टाका. ट्रॉली गेल्यावर रस्त्यात राहिलेल्या दगडांनी पडलेले मोटारसायकलस्वार मी पाहिले आहेत. फडातून रस्त्यावर चढताना चाकांचा चिखल शक्य तेवढा झाडावा. आणि रस्त्याकडेचे पाचट पेटवू नये. एरवी मी पाचट कुजवा म्हणून सांगतो ते जमिनीसाठी. येथे सांगतो ते धुरासाठी. वाऱ्याने धूर रस्त्यावर आला की दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि त्याच धुरात दोन्ही बाजूंनी गाड्या शिरतात.

शिकण्याला दिवस कोणते चांगले, असे विचाराल तर माझे मत ज्येष्ठ-आषाढ. आडसाली लागणीची घाई असते हे खरे, पण गाळप बंद असते, ट्रॉल्या रस्त्यावर नसतात आणि पावसाचे धडे आपोआप होतात. शिकाऊ परवान्याचा अर्ज आता परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. आधार जोडलेले असेल तर ती परीक्षाही घरूनच देता येते. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरांचा दाखला नमुना १-अ मध्ये लागतो. तो घेताना डोळे खरोखरच तपासून घ्यावेत, नुसती सही आणू नये. आषाढात सुरुवात केली तर पक्क्या परवान्याची चाचणी नवरात्रापर्यंत, बॉयलर पेटायच्या आत, उरकते. रात्रीच्या दोन धड्यांपैकी एक मात्र हंगाम सुरू झाल्यावर, कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांच्या रांगा लागलेल्या असताना घ्यायचा; त्यासाठी मास्तरांना आधीच सांगून ठेवावे लागते, कारण त्या दिवसांत त्यांचीही उसाला तोड आलेली असते.